जखमी बाईचा अभिप्राय

गेली चौदा वर्षं मी नेदरलँड्समध्ये मरते आहे. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत धंदा मंदा असतो, कारण सगळा देश तंबू घेऊन फ्रान्सला गेलेला असतो.

अगदी दर वेळी मरते असं नाही. बऱ्याचदा नुसती भाजते, शिडीवरून पडते, पेनाचं टोपण गिळते किंवा मला फिट येते. इथल्या कायद्याने प्रत्येक कंपनीत काही कर्मचारी प्रथमोपचार, आग विझवणं आणि लोकांना इमारतीबाहेर काढणं यात तयार असावे लागतात. वर्षातून एकदा त्यांची उजळणी होते. पिवळी जाकिटं घालून हे लोक धावत येतात आणि त्यांना सराव करायला कुणीतरी जखमी माणूस लागतो. तो माणूस मी.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आइंडहोवनला आले तेव्हा माझ्या व्हिसावर 'अवलंबून' असा शिक्का होता. पुण्यात एकांकिका स्पर्धा गाजवलेल्या बाईला अवलंबून म्हणणं म्हणजे काय, हे त्या खात्याला कोण सांगणार? डच भाषेच्या वर्गात शेजारी बसणाऱ्या बाईने या कामाबद्दल सांगितलं. प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली. परीक्षेत मला मांडीचं हाड मोडून दाखवायचं होतं. मी असं काही विव्हळले की शेजारच्या खोलीतला परीक्षक त्याचा उमेदवार सोडून बघायला आला.

सामान थोडकंच. मेण, ग्लिसरीन, राखाडी पावडर आणि बाटलीतलं रक्त. आम्ही पुण्यात पाण्यात कुंकू कालवायचो. इथे ताजं आणि साकळलेलं वेगळं मिळतं. उघड्या फ्रॅक्चरसाठी बाकीचे लोक कोंबडीचं हाड वापरतात. मी शाकाहारी असल्यामुळे माझं हाड प्लास्टिकचं आहे.

एकदा घाईत ते हाड पोटरीवर तसंच राहिलं आणि मी सायकलवरून थेट सुपरमार्केटात गेले. काउंटरवरच्या मुलीने खाली पाहिलं, वर पाहिलं आणि विचारलं, "पावती हवी?" डच लोक दुसऱ्याच्या खाजगी बाबीत पडत नाहीत.

पण कामाचा खरा भाग नाटक संपल्यावर सुरू होतो. जखमी माणसाने उठून अभिप्राय द्यायचा असतो. मदत करणाऱ्याचा हात थरथरत होता का, तो माझ्याशी बोलला का, की माझ्या डोक्यावरून दुसऱ्याशीच बोलत होता. हे बाहेर उभ्या असलेल्या परीक्षकाला दिसत नाही, जमिनीवर पडलेल्यालाच कळतं. त्यामुळे नियम असा की संहितेत दिलंय तेवढंच करायचं, आणि अभिप्रायात खरं तेच बोलायचं. सराव चालू असताना खरोखरच काही झालं, तर "नो प्ले" असे दोन शब्द ओरडायचे. चौदा वर्षांत मी ते एकदाच ओरडले आहे. माझ्या मोडक्या पायाला फळी बांधणारे साठीचे गृहस्थ अचानक राखेसारखे पांढरे पडले. मी "नो प्ले" म्हणत त्याच मोडक्या पायावर उठले आणि त्यांना आडवं केलं. भोवतालच्या लोकांना वाटलं की हाही खेळाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते गृहस्थ वाचले.

आता मुख्य गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वीची आहे.

आइंडहोवनच्या कडेला एका अमेरिकन कंपनीचं ऑफिस आहे. तिथे मुख्यालयातून पत्रक आलं, की जगातल्या प्रत्येक शाखेने बंदूकधारी माणूस इमारतीत शिरल्याचा सराव करावा. डच लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. असे प्रकार इथेही झालेले आहेत. क्वचित, पण झालेले आहेत. फरक इतकाच की अमेरिकेच्या पत्रकात तीन गोष्टी सांगितल्या होत्या, पळा, लपा, लढा. आणि इथल्या सरकारी पत्रकातही तीनच, पळा, लपा, कळवा.

सराव घेणार होता माझा नेहमीचा प्रशिक्षक विम. माजी पोलीस, सहा फूट चार इंच. माझं नाव मंजू, पण डच जिभेला 'ज' जमत नसल्यामुळे तो मला 'मान्यू' म्हणतो. त्याने कर्मचाऱ्यांची यादी मला दाखवली. पिवळ्या जाकिटवाल्यांमध्ये तिसरं नाव होतं श्रीरंगचं.

श्रीरंग आणि त्याची बायको केतकी माझ्या चांगल्या ओळखीचे. इथल्या मंडळाच्या गणपतीतलं नाटक मी बसवते आणि केतकी प्रॉम्प्टिंग करते. श्रीरंग खुर्च्या लावतो, आणि कुणी न सांगता सगळ्यात शेवटी उचलतोही. दोघंही टेक्ससमध्ये दहा वर्षं काढून इथे आलेले. तिथे श्रीरंगकडे पिस्तूल होतं, आणि ते कपड्याखाली लपवून जवळ बाळगायचा रीतसर परवानाही. किराणा आणायला जाताना जसं आपण पाकीट घेतो तसं तो कमरेला ते अडकवायचा. इथे येताना विकून आला.

इथे असलं काही शक्य नाही. बंदुकीची हौसच असेल तर शूटिंग क्लबात जा. वर्षभर नवखा सभासद म्हणून काढा, चारित्र्याचा दाखला द्या, संगणकावर मानसिक चाचणी द्या, मग पोलीस घरी येऊन तिजोरी बघतात. एवढं करूनही ती बंदूक फक्त क्लबात न्यायची आणि परत आणायची. 'स्वसंरक्षण' असं कारण अर्जात लिहिलंत तर अर्ज तिथेच संपतो.

"ताई, मला इथे उघडं-उघडं वाटतं," श्रीरंग मला एकदा म्हणाला होता. "कुणी आत घुसलं तर मी काय करू? स्ट्रोपवाफेल फेकून मारू?"

"आधी मला दे. फेकण्याएवढी ती पाकातली बिस्किटं वाईट नसतात."

तो हसला. केतकी हसली नाही.

तिचं कारण मला नंतर कळलं. इथे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला देशभर धोक्याचे भोंगे वाजवून बघतात. कुणी मान वर करत नाही. त्यांची आठ वर्षांची सई शाळेत नवीन होती आणि तिला हे सांगायचं राहून गेलं. भोंगा वाजला तेव्हा बाकीची मुलं चीज लावलेला पाव खात होती. सई गेली आणि कोटांच्या रांगेमागे गुडघे पोटाशी घेऊन बसली. बाई तिला हाका मारत होत्या, ती ओ देत नव्हती. टेक्ससच्या शाळेत तसंच शिकवलं होतं. हाक कुणीही मारो, आवाज करायचा नाही. वीस मिनिटांनी सापडली.

एकाच घटनेवरून नवराबायकोने दोन उलटे निष्कर्ष काढले. केतकी म्हणाली, पोरीला पुन्हा तिथे न्यायचं नाही. श्रीरंग म्हणाला, धोका सगळीकडेच आहे, तिथे निदान मी तिला वाचवू शकतो. त्यातच टेक्ससच्या ऑफिसने त्याला परत बोलावलं. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं.

"तो गेला तर मी आणि सई इथेच राहणार," केतकी म्हणाली. तिला नायमेखनच्या प्रयोगशाळेत नुकतीच नोकरी लागली होती. आम्ही स्टेशनच्या बाकावर बसलो होतो. "मंजूताई, मी त्याला धमकी देत नाहीये. पुन्हा घरात ते पिस्तूल आलं तर मला झोप लागणार नाही, आणि नसलं तर त्याला लागणार नाही. तुम्हीच काहीतरी करा ना. तुमचं ऐकतो तो."

अशा वेळी 'बघते' म्हणायचं असतं. मी म्हटलं, "बघते."

सरावात भाग घेणारा माणूस ओळखीचा असेल तर विमला आधी सांगायचं असतं. मी सांगितलं नाही.

त्या दिवशी पहिली फेरी नीट झाली. माझी भूमिका होती मांडीत गोळी लागलेली बाई, जागा मधल्या मजल्यावरचा कॉरिडॉर. आमचाच एक सहकारी हल्लेखोर झाला होता. एरवी तो शाळेत गणित शिकवतो, आणि मला वाटतं त्यामुळेच फार भीतिदायक वाटतो. पिस्तुलं निळ्या प्लास्टिकची. त्यातून काही उडत नाही, त्यामुळे तोंडाने "बँग" म्हणायचं आणि कुणाला लागलं ते विमने ठरवायचं. पन्नाशीचे लेखापाल गंभीर चेहऱ्याने "बँग" म्हणतात तेव्हा जमिनीवर मेलेल्या बाईला हसू आवरणं हेच कामातलं सर्वांत अवघड काम. लोक पळाले, लपले, फोन केला. मला पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही, आणि हल्लेखोर मोकळा असेपर्यंत तेच बरोबर होतं.

मग कॅन्टीनमध्ये पाव-चीज आणि ताकावर चर्चा पेटली.

"पंधरा मिनिटं," श्रीरंग म्हणाला. "पोलीस येईपर्यंत पंधरा मिनिटं ही बाई तिथे पडून होती. आपल्यातल्या एकाकडे जरी काही असतं तर?"

कर्मचारी विभागातली मारेके त्याच्या समोर बसली होती. "म्हणजे कॉफीच्या मशीनपाशी उभं राहून मी विचार करायचा का, की कुणाच्या शर्टाखाली काय आहे?"

"मी तिथे दहा वर्षं बाळगलं. कुणाला कळलंही नाही. एकदाही बाहेर काढलं नाही."

"मग उपयोग काय झाला?"

"सीटबेल्टचा काय होतो? अपघात झाला नाही म्हणून कापून टाकतेस?"

उत्तर बिनतोड होतं, आणि मी ते इथे प्रामाणिकपणे नोंदवते आहे. विमने ताकाचा पेला खाली ठेवला. "करून बघू," तो म्हणाला. "दुसऱ्या फेरीत कुणाकडे तरी लपवलेलं पिस्तूल असेल. कुणाकडे ते मी सांगणार नाही."

सगळ्यांनी श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंगने पावाला लोणी लावलं.

दुसरी फेरी सुरू झाली. मी माझ्या जागी जाऊन पडले. हल्लेखोर "बँग, बँग" करत वरच्या मजल्याकडे गेला. समोरच्या छपाईयंत्राच्या खोलीत बारा जण दाराला टेबल लावून बसले होते, त्यात श्रीरंग होता. माझ्या संहितेत लिहिलेलं होतं, 'डचमध्ये मदत मागणे, आवाज हळूहळू क्षीण.' मी थोडं डचमध्ये मागितलं. आणि मग ओरडले, "आई गं! मेले! अरे कुणीतरी या रे इकडे!"

सदाशिव पेठेतल्या मागच्या रांगेपर्यंत पोचलेला आवाज आहे हा.

टेबल सरकल्याचं ऐकू आलं. दार उघडलं. श्रीरंग बाहेर आला, दोन्ही हातांत निळं पिस्तूल, चेहरा घामाने चमकत होता. तो माझ्यापर्यंत आला, मला पाहिलं, आणि मला ओलांडून पुढे झाला. नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरच्या जिन्यातून मारेके आली. तिच्याही हातात निळं पिस्तूल.

"बँग!" दोघांनी एकदमच म्हटलं.

विमने शिट्टी वाजवली. "दोघंही मेलात. बसा खाली."

दोघंही खाली बसले आणि एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात आमचा गणिताचा मास्तर आरडाओरडा ऐकून वरून परत आला, आम्हा तिघांना वळसा घालून उघड्या दारातून छपाईच्या खोलीत शिरला, आणि आतून "बँग" असं शांतपणे पुष्कळदा ऐकू आलं. त्याने मोजून अकरा वेळा म्हटलं. शेवटी गणिताचाच माणूस.

"ही फसवणूक आहे," श्रीरंग म्हणाला. "तू दोघांना दिलंस."

"दिलं," विम म्हणाला. "तिथे बाळगायचा परवाना तुला एकट्यालाच होता का?"

विम निष्पक्ष माणूस आहे. त्याने तिसरी फेरीही घेतली. तीत पिस्तूल एका तरुण मुलीकडे होतं. ती दार लावून आतच थांबली. हल्लेखोर दार फोडून आला तेव्हा तिने आधी "बँग" म्हटलं आणि खोली वाचली. विमने अहवालात तेही लिहिलं. तेव्हा ज्यांना वाटत असेल की मी इथे एका बाजूचा निकाल ऐकवते आहे, त्यांनी ही फेरीही धरावी. नाटकातून फार तर प्रश्न नीट कळतो.

नंतर अभिप्राय. सगळे गोलात बसले. छपाईच्या खोलीतली एक बाई श्रीरंगला म्हणाली, रागाने नव्हे, "आम्हाला तुझ्याकडून एवढंच हवं होतं, की दार धरून ठेव."

मग माझी पाळी. "तू बाहेर आलास, ते माझ्यासाठी आलास, हे मला कळलं," मी म्हटलं. "पण मला पाहिल्यावर तू थांबला नाहीस. रक्त थांबवायचा पट्टा तुझ्या जाकिटाच्या खिशात होता. माझी मांडी तुझ्या पायापाशी होती. पण बांधायला दोन हात लागतात, आणि तुझे दोन्ही हात गुंतलेले होते."

तो मान खाली घालून जाकिटाचा खिसा उघडत-मिटत राहिला.

नियमाने मला पुढेही बोलावं लागलं. मी म्हटलं, "माझीही एक चूक आहे. मी संहिता सोडून मराठीत ओरडले. सवयीने तोंडून निघालं. तसं झालं नसतं तर कदाचित तो बाहेर आला नसता."

विमचा चेहरा लाल झाला. सर्वांसमोर तो फक्त "नोंद घेतली" म्हणाला. नंतर गाडीत सामान ठेवताना म्हणाला, "मान्यू, तीन महिने घरी बस." मी बसले. नवऱ्याने विचारलं, "म्हणजे तीन महिने तू जिवंत?"

श्रीरंग सायकलच्या स्टँडपाशी माझी वाट बघत थांबला होता.

"ताई, तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "माझी सई तर इंग्रजीतच ओरडली असती. आणि मी तरीही दार उघडलं असतं. आत कितीही लोक असते तरी." त्याने कुलूप काढलं, पण सायकल हलवली नाही. "मला दहा वर्षं वाटत होतं की मी पिस्तूल बाळगतो म्हणजे मी दार धरणारा माणूस आहे."

महिनाअखेर त्याने टेक्ससला नकार कळवला. शिवाय शाळेत जाऊन, भोंग्याच्या सोमवारी सईच्या वर्गात कोण बसेल, कोटांपाशी कोण उभं राहील, हे सगळं लिहून ठरवून आला. श्रीरंगचं काम असंच चोख. केतकीचा फोन आला तेव्हा ती आधी रडली आणि मग तिच्यातली प्रॉम्प्टर जागी झाली. "मंजूताई, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम ओरडलात ना?"

"छे गं," मी म्हटलं.

मुद्दामच ओरडले होते. सकाळी मांडीवर मेण लावत बसले असताना विमच्या पिशवीत मला दोन जादा निळी पिस्तुलं दिसली होती. कॅन्टीनमध्ये तो 'कुणाकडे तरी' म्हणाला तेव्हा ती दोन आठवली, आणि तो काय करणार ते मला कळलं. श्रीरंग आत राहिला तर वाचेल, बाहेर आला तर हरेल, आणि त्याला बाहेर काढायला काय करावं लागेल हेही कळलं. मरणाऱ्या माणसाची हाक आपल्या भाषेत आली तर हा माणूस आत बसणार नाही. खुर्च्या शेवटी उचलणारा माणूस आहे तो. त्याच्या चांगुलपणावर मी नेम धरला. आणि अभिप्रायात, जिथे मी तोवर कधीच खोटं बोलले नव्हते, तिथे 'सवयीने' म्हटलं.

हे दोन वर्षं पोटात राहिलं. या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा वाटलं, विमला मराठी येत नाही, श्रीरंग दिवाळी अंकातली फक्त व्यंगचित्रं बघतो, लिहून मोकळं व्हावं. पण केतकी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. तिने त्याला सांगण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले. रविवारची दुपार होती, तो सईच्या सायकलची साखळी बसवत होता. मी सगळं सांगितलं, पिशवीपासून.

त्याने हात पुसले.

"तुम्हाला खात्री होती मी येईन म्हणून?"

"हो."

"म्हणजे मी ठरवलं, असं मला वाटलं. आणि ते तुम्ही बसवलं होतंत."

"येणं मी बसवलं. मला ओलांडून जाणं नाही."

"ते खरं आहे," तो म्हणाला. आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला.

निर्णय त्याने बदलला नाही. सई बरी आहे, केतकी रोज नायमेखनची गाडी पकडते. यंदाच्या गणपतीतही श्रीरंगने नाटकाच्या खुर्च्या लावल्या, आणि शेवटी उचलल्याही. मी विंगेतून हाक मारली की पहिल्या हाकेला येतो.

"काय मंजूबाई?" म्हणतो. आधी 'ताई' म्हणायचा.